मोजून फोडलेली भिंत

आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस एकदा तरी विचारतो, की निजायच्या खोलीतलं कॅलेंडर एवढं खाली का लावलंय. मी म्हणतो, बसल्या बसल्या तारीख दिसते. आमची ही तिथेच असली तर ती लगेच म्हणते, “खोटं बोलतायत. त्याच्यामागे भोक आहे.” आणि पाहुण्यांना कॅलेंडर उचलून भोक दाखवते. भोक बऱ्यापैकी मोठं आहे. त्यातून एका माणसाचं डोकं आरामात जातं. हे अंदाजाने सांगत नाही, जाताना पाहिलेलं आहे.

हे भोक म्हणजे एक दार आहे, किंवा दार होणार होतं. ते ज्या भिंतीला व्हायचं होतं त्या भिंतीला झालं नाही, एवढाच फरक.

आम्ही दोघं लेकीच्या जवळ राहायला आलो त्याला आता वर्ष होऊन गेलं. जवळ म्हणजे किती जवळ? तिच्याच इमारतीत, तिच्याच मजल्यावर. पण या इमारतीला दोन जिने आहेत, एक पुढून आणि एक मागून, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात बोलणं नाही. आमचं घर पुढच्या जिन्याने, लेकीचं मागच्या. घरं पाठीला पाठ लावून बसलेली, रुसलेल्या दोन भावंडांसारखी. लेकीकडे जायचं तर तीन मजले उतरा, अंगणाला वळसा घाला, पाण्याच्या टाकीजवळचं ओलं टाळा आणि पुन्हा तीन मजले चढा. पाखराला एक झेप. आमच्या हिच्या गुडघ्यांना मात्र दरवेळी एक मोहीम.

ही यायला तयार नव्हती, हे सांगून टाकतो. तिच्यासाठीच आपलं जुनं घर विकायचं नाही असं ठरलं. एका शिक्षकाला वर्षाच्या कराराने भाड्याने दिलं. “वर्ष काढून बघू,” ही म्हणाली. “नाही रमलं तर मी परत जाणार. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.” चाळीसेक वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला एवढं स्वातंत्र्य फार कमी बायका देतात.

आणि पहिले काही महिने तिला रमेना. लांब होतो तेव्हा लेक वर्षातून एकदा यायची, पण आली की पंधरा दिवस संपूर्ण आमची असायची. उशिरा उठायची, आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरायची, नको नको म्हणत डोक्याला तेल लावून घ्यायची. आता ती रोज दिसायची, पण जाताना किंवा येताना. लेक कामावर, जावई कामावर, नात शाळेत, आणि शाळा सुटली की कसल्या ना कसल्या शिकवणीला. आम्ही गेलो की लेक प्रेमाने चहा करायची आणि कप हातात देता देता तिची नजर घड्याळाकडे जायची. तिला वाटायचं, आम्हाला दिसत नाही.

“पाहुणी होती तेव्हा आपली होती,” जिना उतरता उतरता एकदा ही म्हणाली. उतरताना मी पायऱ्यांकडे लक्ष देतो.

असं चाललेलं असताना एका संध्याकाळी मी भिंतीत खिळा ठोकत होतो. निजायच्या खोलीत, मागच्या भिंतीवर. चार घाव घातले असतील, तोच पलीकडून आवाज आला. ठक ठक ठक.

हिने हातातली चादर तशीच टाकली. “अहो, ऐकलंत?”

“काय?”

“नात! ही भिंत लेकीची ना? मग नातच ती!”

भिंत लेकीची, यात मला शंका नव्हती. माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. लोकांच्या शेताच्या बांधांवर उभं राहून कुणाचं कुठे संपतं आणि कुणाचं कुठे सुरू होतं हे मी सांगत आलो. भावाभावांनी माझ्या मोजणीच्या साखळीकडे पाहून भांडणं मिटवलेली आहेत. मी एकदा मान मागे टाकली, डोळे मिटले, मनातल्या मनात इमारत फिरवली आणि म्हणालो, “तिचीच.”

हिने बोटाच्या पेराने भिंतीवर हलकेच तीनदा वाजवलं. थोडं थांबून पलीकडून उत्तर आलं. तीनच, पण जोरदार.

“अंगात जोर आहे हो पोरीच्या,” ही म्हणाली, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

तेव्हापासून रोज दिवे लागले की ही भिंतीजवळ जायची. ठक ठक ठक. पलीकडून ठक ठक ठक. तिचा एक नियम होता, की याबद्दल कुणाशी बोलायचं नाही. नातीशी तर नाहीच. “बोलून दाखवलं की गंमत जाते,” ती म्हणायची. मला विचारावंसं वाटलं तरी तिने विचारू दिलं नाही. हिची आजी जात्यावर ओव्या रचायची. हिच्याकडे जातं नाही, पण खोड तीच. भिंतीवर हात ठेवून ती गुणगुणायची:

लेकीच्या गं घराला, माझ्या घराची गं भिंत
हात ठेविता विटेला, निवे जिवातली खंत

ठकठकीचा अर्थही तिला लागू लागला. जोरात वाजलं की नात शाळेत भांडून आली आहे. हळू वाजलं की दमली आहे. एकदा चौथा ठोका आला; तो तिने आठवडाभर पुरवून वापरला. एका संध्याकाळी उत्तरच आलं नाही, तर हिने पातेलीभर पेज केली आणि मला पिटाळलं. “पोर आजारी आहे. नुसतं बघून या, काही विचारू नका.” मी तीन मजले उतरलो, तीन चढलो. नात दिवाणखान्यात दोरीवरच्या उड्या मारत होती.

“बरं वाटतंय का गं आता?” मी विचारलं.

“मला काय झालंय?”

परत येऊन मी हिला सांगितलं, “सावरलीय.” बुद्धी माणसाला अशी ऐन वेळी सोडून जाते आणि जाताना सांगतही नाही.

पुढे हिचे गुडघे जास्तच कुरकुरायला लागले आणि जिन्याची मोहीम थांबली. उरली फक्त भिंत. एका संध्याकाळी वाजवून झाल्यावर ती भिंतीला गाल लावून उभी होती. मला ते बघवेना. मी म्हणालो, “इथे दार पाडू या.”

“भिंतीला?”

“मग कशाला? तू इकडून उठायचं, तिकडे बसायचं. जिना नाही, अंगण नाही.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेखातर मी किल्ल्याचा तटसुद्धा फोडला असता. पण तट फोडायला सोसायटीची परवानगी लागत नाही.

लेकीला फोन केला. ती कुठल्याशा बैठकीत होती. “करा बाबा, काय करायचं ते करा,” ती कुजबुजली. ही संमतीच, असं मी धरून चाललो.

सचिव भले गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “असं आहे काका, भिंत सोसायटीची. भिंतीवरचा रंग तुमचा. आता भोक कुणाचं, हे ठरवावं लागेल.” ते ठरवायला दोन सभा लागल्या. मधल्या काळात सल्ल्यांचा पूर आला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “कडी दोन्ही बाजूंनी ठेवा. आईबाप झाले म्हणून काय झालं?” त्यांच्या सासूबाई आतून ओरडल्या, “एकाच बाजूने, आणि ती आईच्या!” औषधाच्या दुकानदाराने दाराऐवजी खिडकी सुचवली, खिडकीतून माणसाला जाता येत नाही, त्यामुळे प्रेम टिकतं, असं त्याचं मत पडलं.

दुसऱ्या सभेत मी नकाशा मांडला. तो नकाशा काढताना निवृत्तीनंतर पहिल्यांदा माझे हात स्थिर होते. दोन शाई वापरल्या. उत्तर दिशेचा बाण असा काढला, की पाहणाऱ्याला उत्तरेकडे निघावंसं वाटावं. नकाशा हातोहात फिरला, सगळे “वा, वा” म्हणाले आणि कुणीही तो पाहिला नाही. मोजणी खात्यातला माणूस भिंत चुकेल ही शंकाच घेणं असभ्य होतं. सोसायटीच्या इंजिनिअरने तर चहा पिता पिता बाणावरच सही केली.

विरोध केला तो एकाच माणसाने. हे मागच्या जिन्याचे एक उंच, सडपातळ काका, शाळा तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. प्रत्येक सभेत ते प्रत्येक विषयावर उभे राहून “माझी हरकत आहे” म्हणायचे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव हरकतकाका ठेवलं होतं.

“आज दार पाडतील, उद्या जिना पाडतील,” हरकतकाका म्हणाले. “आणि हातोड्याचा आवाज किती दिवस चालणार, हे अर्जात कुठेच नाही.”

“तुम्हाला कशाला त्रास होईल?” मी जरा ताठून म्हणालो. “तुमच्या घराचा काय संबंध?”

हे माझं वाक्य पुढे अंगणात फार लोकप्रिय झालं.

कामाचा दिवस उजाडला. लेकीने खास सुट्टी घेतली होती. जावयाने नातीच्या खोलीतलं जडशीळ कपाट हलवून भिंत मोकळी केली आणि कंबर धरून बसले. तिकडे भिंतीसमोर ते तिघं, इकडे आम्ही दोघं आणि गवंडी. हिने नवी साडी नेसली होती. भिंतीतून जायचं तरी लेकीकडेच जायचं होतं.

गवंडी बोलका निघाला. “साहेब, भिंत म्हणजे बाईमाणसासारखी. आधी समजावायची, मग ठोकायची,” असं म्हणून त्याने आमच्या हिच्याकडे पाहिलं आणि पुढचं सगळं बोलणं गिळून कामाला लागला. घाव बसू लागले. मी फोन लावला.

“काही पडतंय का तिकडे?”

“नाही बाबा. काहीच नाही.”

“हादरे?”

“आवाज येतोय, पण लांबून.”

“भिंत जाड आहे,” मी म्हणालो आणि गवंड्याला जोर लावायला सांगितलं. एक वीट हलली. दुसरी निसटली. तिसरी पलीकडे धप्पकन पडली. धुळीचा लोट आला.

“पडली!” मी फोनवर ओरडलो.

“कुठे?” लेक म्हणाली.

धूळ बसली. भोकातून एक चेहरा आत आला. अर्ध्या गालाला साबणाचा फेस होता, त्यावर विटेची लाल पूड.

“माझी हरकत आहे,” हरकतकाका म्हणाले.

फोनमधून लेकीचं “हॅलो, हॅलो” स्पष्ट ऐकू येत होतं. माझ्या डोक्यात इमारत पुन्हा एकदा फिरली आणि या वेळी नीट फिरली. मागचा जिना उलट्या हाताने वळतो. लेकीच्या दारात उभं राहून जे घर उजवीकडे येतं, ते आमच्या बाजूने डावीकडे. मी तिचं घर कागदासारखं सरळ सरकवत आणलं होतं. ते फिरवायला हवं होतं. लेकीची भिंत आमच्या स्वयंपाकघराला लागून होती, जिथून गॅसची आणि पाण्याची नळी गेलेली. तिथे दार सोडा, खिळासुद्धा चालला नसता.

पण माझी अब्रू हा त्या दिवशीचा लहान विषय होता. आमची ही पुढे झाली होती आणि भोकातून आत पाहत होती. पलीकडे भिंतीला अगदी खेटून एक खुर्ची ठेवलेली होती. खुर्चीच्या हाताला एक लाकडी पट्टी टेकवलेली होती, शाळेतली, टोकाला झिजलेली.

“रोज तुम्ही वाजवायचात?” तिने विचारलं.

काकांनी फेस पुसला. “पहिल्या दिवशी मी ‘आवाज बंद करा’ म्हणून वाजवलं. तर तुम्ही परत वाजवलंत. मी म्हटलं, बाई हट्टी आहेत. म्हणून आणखी जोरात वाजवलं. दुसऱ्या दिवशी परत तेच.”

“मग?”

“मग एक दिवस तुम्ही वाजवलंच नाहीत.” त्यांनी पट्टी उचलून सरळ ठेवली. “मला जेवण गेलं नाही. पुढच्या दिवसापासून खुर्ची इकडे आणली. मला वाटलं, नवीन माणसं आहेत, जरा भिडस्त आहेत, समोरून बोलता येत नाही.”

“आणि ती एक संध्याकाळ, उत्तर आलं नाही ती?”

“दाढ काढायला गेलो होतो. न सांगता गेलो, ते चुकलंच.”

ही मागे सरकली आणि पलंगावर बसली. नव्या साडीवर धूळच धूळ. “म्हणजे ती नव्हतीच,” ती हळूच म्हणाली. “कधीच नव्हती.”

तोवर लेक, जावई आणि नात जिने उतरून, अंगण ओलांडून, जिने चढून धापा टाकत पोचले होते. सगळी हकीगत ऐकल्यावर सगळ्यात जास्त संतापली ती नात. “माझ्या नावावर दुसरंच कुणी वाजवत होतं? आणि मला कुणी विचारलंपण नाही?” तिने हरकतकाकांकडे असं पाहिलं, की ते शाळा तपासणारे गृहस्थ वर्गाबाहेर उभे केल्यासारखे भोकातून नाहीसे झाले.

लेक मात्र आईसमोर खाली बसली. “आई, इतके महिने तू भिंत वाजवत होतीस? दार का नाही वाजवलंस?”

“दार वाजवलं की तू घड्याळ बघतेस.”

हिने ते रागाने म्हटलं नाही, आज दूधवाला उशिरा आला असं सांगावं तसं म्हटलं. जावई भिंतीतल्या विटा मोजायला लागले. गवंडी मला म्हणाला, “साहेब, आता बुजवायचं की मोठं करायचं?” आणि उत्तराची वाट न पाहता, दोन दिवसांनी येतो असं सांगून गेला. तो अजून यायचा आहे.

त्यानंतर हिने भिंतीला हात लावला नाही. माझी बाहेर जायची सोय राहिली नव्हती, अंगणातली पोरं “आजोबा, उत्तर कुठल्या बाजूला?” असं विचारायची आणि सचिवांनी नव्या पत्रात माझा उल्लेख “मोजणीतज्ज्ञ” असा, अवतरणचिन्हांत केला. पण मी ते सगळं सोसलं असतं. हिने ट्रंक काढून लोकरीचे कपडे त्यात भरायला सुरुवात केली, ते सोसत नव्हतं. तिकडून भाडेकरू शिक्षकाचा फोन आला: करार संपतोय, घर सोडायचं का? मी म्हणालो, दोन-चार दिवसांत कळवतो. हिने ऐकलं आणि म्हणाली, “कळवायचं काय त्यात?”

त्याच संध्याकाळी कॅलेंडरमागून खाकरण्याचा आवाज आला.

“वाजवणं बंद का?” भोकातून हरकतकाका बोलत होते. “माझी हरकत आहे.”

“आता बोलता येतं ना,” ही तुटकपणे म्हणाली. “वाजवायचं कशाला?”

“बोलायची मला सवय नाही. हरकती घ्यायची आहे.” मग पलीकडे खुर्ची सरकली. “ती तुम्ही म्हणायचात ती ओवी. दुसऱ्या ओळीत चाल अडखळते.”

“अडखळते?” ही ताडकन उठली. “काहीतरीच! म्हणून दाखवू?”

आणि तिने म्हणून दाखवली. त्यांनी पट्टीने ठेका धरला, हिने त्यांचा ठेका चुकतोय असं सांगितलं, आणि भांडण रंगलं. मी चहा ठेवला. एक कप भोकातून पलीकडे दिला. चहा माझ्या हातचा होता, तरी त्यांनी हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी नात आपणहून आली, भोकापाशी मांडी घालून बसली आणि काकांना म्हणाली, “मी आहे. खरी. आता वाजवा.”

पण लेक आली नाही. फोन यायचा, बोलणं जपून, काचेच्या भांड्यासारखं. ट्रंक तशीच उघडी होती. हिचं भांडण काकांशी नव्हतं, गुडघ्यांशीही नव्हतं. ती ज्या एका माणसाकडे आली होती, त्या माणसाला आपली गरज आहे का, एवढंच तिला हवं होतं, आणि ते भिंत फोडून कळण्यासारखं नव्हतं.

करार संपायला आला, तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. दार वाजलं. लेक उभी होती, कामावरच्या कपड्यांत, हातात पिशवी नाही, डबा नाही, औषध नाही.

“काय गं, काय झालं?” ही घाबरून म्हणाली.

“काही नाही. अशीच आले.”

“बरं नाही का? भांडलात का?”

“नाही गं आई. दमले. तिकडे गेले असते तर कपडे दिसले असते, भांडी दिसली असती. म्हणून इकडे आले.” तिने चपला कुठेतरी काढल्या, सरळ आत गेली आणि आईच्या पलंगावर आडवी झाली. ही तिच्या उशाशी बसली. “आई, सरक ना,” असं म्हणत लेकीने डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. थोडा वेळ ती साहेबाबद्दल काहीतरी सांगत होती, मग अर्ध्या वाक्यात थांबली. झोपली होती. लहान असताना झोपायची तशी, तोंड किंचित उघडं टाकून.

ही तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. पलीकडून पट्टी वाजली. हिने माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. मी धावत जाऊन कॅलेंडर उचललं आणि भोकातून तोंडावर बोट ठेवून दाखवलं. काकांनी आत डोकावलं, पाहिलं आणि खुर्ची न वाजवता उठले. पायांतले जोडेसुद्धा काढून हातात घेतले त्यांनी.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. भाडेकरू शिक्षक. मी गॅलरीत गेलो.

“काका, माझं काय ठरलं? काकू परत येतायत ना?”

मी काचेतून आत पाहिलं. ही ताठ बसली होती. गुडघा दुखत असणार. ओठ दाबून धरले होते. मी खुणेने विचारलं, उशी देऊ का? तिने मानेने असं जोरात नाही म्हटलं, की मी उशी चोरायला आलोय असं वाटावं.

“तुम्ही राहा आणखी,” मी म्हणालो. “तिला सध्या हलता येणार नाही.”

“अरेरे! काय झालं काकूंना?”

“मांडीवर लेक झोपलीय,” मी सांगितलं.